सौर फिडरला नाही म्हणण्याआधी

गावच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प येणार म्हटले की हल्ली विरोधाची एक ठरलेली मांडणी पुढे येते. सूर्य रात्री नसतो, पावसाळ्यात ढगाआड असतो. मग त्या विजेचा भरवसा काय? प्रकल्पाला जमीन लागते, ती गावाची जाते. वीज ग्रीडला जाते, पैसा कंपनीला जातो, शेतकऱ्याच्या पदरात काही पडत नाही. द्यायचाच तर प्रत्येकाच्या विहिरीवर सौरपंप द्या, ग्रीडला जोडलेले हे प्रकल्प नकोत. ग्रामसभेत हे ऐकू येते, व्याख्यानांत येते आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या लेखांतही येते. यातल्या काही मुद्द्यांत तथ्य आहे आणि त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण निघणारा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत जो मोजतो तो माणूस रात्री दोन वाजता उसात पाणी पाजत उभा असतो.

त्या माणसापासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने दिली जाते: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ ते दहा तास. रात्रीची पाळी आली की काय होते, हे ज्याने दारे धरली आहेत त्याला सांगायला नको. लाईट अकराला येणार म्हणून तो दहालाच विहिरीवर जाऊन बसतो. लाईट येते तेव्हा फिडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या त्या वाहिनीवरच्या, सगळ्या मोटारी एकदमच सुरू होतात आणि शेवटच्या डीपीपर्यंत, म्हणजे रोहित्रापर्यंत, व्होल्टेज पोचत नाही. मोटार नुसती घुमते, उचलत नाही. बंद करून पुन्हा चालू करायची, ती जळणार नाही अशी आशा करायची. मग एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे. एक सरी भरली की तिचे दार बुजवायचे, पुढचीचे फोडायचे, तेही वाकून, चिखलात पाय रुतवून. सऱ्यांमध्ये पाचट पडलेले असते आणि त्याखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात दिसत नाही. पाणी शिरले की उंदरांची बिळे भरतात, आणि उंदरांच्या मागावर आलेली घोणसही बाहेर पडते. डिसेंबरात हे सगळे कडाक्याच्या थंडीत करायचे आणि सकाळी पुन्हा दिवसाच्या कामाला उभे राहायचे. पाण्याची ही पाळी पुष्कळ घरांत बायका धरतात. नवरा बाहेरगावी असला किंवा नसलाच, तर तिला दुसरा पर्याय नसतो.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले. सगळेच रात्रीच्या पाण्यापायी झाले असे कोणी म्हणणार नाही. पण अंधारात, अनवाणी किंवा साध्या चपलेत, ओल्या शेतात माणसाला तासन्‌तास उभे करणारी व्यवस्था त्या आकड्यात भर घालत नाही, असेही म्हणता येणार नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत त्यात बिबट्याची भर पडली. तिथले लोक पिंजऱ्यांबरोबर दिवसा थ्री फेज वीज मागतात, याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागू नये. फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणे धरून बसले होते, ते याच मागणीसाठी: शेतीला दिवसा दहा तास वीज. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, मागणी रास्त होती.

आता ही दिवसाची वीज आणायची कुठून? सगळ्या पंपांना दिवसाच वीज द्यायची तर दिवसाची मागणी एकदम वाढते. कोळशावरची वीज पुरवायची तर त्या वाढीव मागणीपुरते नवे संच उभारावे लागतात, आणि ते रात्री कमी भाराने चालवावे लागतात. इतकी वर्षे शेतकऱ्याच्या माथी रात्रपाळी आली ती म्हणूनच. रात्री शहरे झोपतात, कारखान्यांचा भार उतरतो, उरलेली वीज शेतीकडे वळवता येते. यंत्रणेच्या सोयीसाठी शेतकऱ्याची झोप घेतली गेली. सौर प्रकल्पाने पहिल्यांदाच हे गणित उलटे केले, कारण त्याची वीज दिवसाच तयार होते.

‘सूर्य रात्री नसतो’ हा आक्षेप शेतीपंपाच्या बाबतीत गैरलागू आहे. दवाखान्याला रात्री वीज लागते, घराला संध्याकाळी लागते. पंपाला ती रात्री लागतेच असे नाही. दुपारी दिलेले पाणी मातीत राहते, शेततळ्यात राहते. वीज साठवायला बॅटरी लागते तशी इथे वेगळी सोय करावी लागत नाही. ऋतूंचेही तसेच. जून ते सप्टेंबर ढग असतात तेव्हा सौर निर्मिती घटते हे खरे, पण त्या काळात पाऊस पडत असतो आणि पंप कमी चालतात. पाऊस ओढ देतो तेव्हा आकाशही बहुधा मोकळे असते. रब्बीला आणि उन्हाळी पिकांना पंप जोरात चालतात तेव्हा ऊनही जोरात असते. राज्यातल्या विजेच्या सगळ्या ग्राहकांत सूर्याच्या वेळापत्रकाशी इतका जुळणारा ग्राहक दुसरा नाही. टीकाकार नेमके याच ग्राहकासाठी सौर वीज कुचकामी म्हणतात, याचे मला वाईट वाटते.

मग प्रत्येकाला स्वतंत्र सौरपंप का नको? जिथे वीजवाहिनी पोचलीच नाही, डोंगरातल्या पाड्यावर, दूरच्या एकट्या विहिरीवर, तिथे तो हवाच. केंद्राच्या कुसुम योजनेत 2019 पासून त्याची तरतूद आहे, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे, शेतकऱ्याला जास्तीत जास्त दहा टक्के रक्कम भरावी लागते. पण जिथे खांब आहेत, तारा आहेत, डीपी आहे, चालू मोटार आहे, तिथे हे सगळे बाजूला ठेवून प्रत्येक विहिरीवर वेगळे पॅनेल उभे करणे ही उधळपट्टी आहे. पंप वर्षभर रोज चालत नाही. पिकाला पाणी नको असते त्या दिवशी स्वतंत्र पंपाच्या पॅनेलवर पडलेले ऊन फुकट जाते. ग्रीडला जोडलेल्या प्रकल्पाची वीज त्या दिवशी गावच्या पिठाच्या गिरणीला, शाळेला, शेजारच्या फिडरला जाते. उलट ढग आले, सकाळी ऊन कोवळे असले, तर ग्रीडमधून कमी पडलेली वीज येते. स्वतंत्र पंप त्या वेळी नुसता उभा राहतो. आणि गारपीट झाली, पॅनेल फुटले, कंट्रोलर बिघडला, केबल चोरीला गेली, तर स्वतंत्र पंपवाल्याला कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावे लागते. फिडरच्या प्रकल्पात ही डोकेदुखी प्रकल्प चालवणाऱ्याची. शेतकऱ्याची मोटार तीच, स्टार्टर तोच, त्याला एक रुपया घालावा लागत नाही.

महाराष्ट्राने हा मार्ग 2017 मध्ये धरला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे पहिले प्रयोग राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीत झाले. पुढची वाटचाल रखडतच झाली. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा कामाला वेग आला. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा, 3 मेगावॉटचा. उद्दिष्ट आता 16 हजार मेगावॉटचे आहे. रचना साधी आहे. 33 केव्हीच्या उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत काही एकरांवर प्रकल्प उभा राहतो, त्याची वीज 11 केव्हीवर त्याच उपकेंद्राला मिळते आणि तिथून शेतीच्या फिडरवर जाते. भर उन्हात 5 मेगावॉटचा प्रकल्प पाच अश्वशक्तीचे सुमारे हजार पंप एका वेळी चालवू शकतो. वीज चंद्रपूरहून शेकडो किलोमीटर वाहून आणावी लागत नाही, वाटेतली गळती वाचते, आणि उपकेंद्राजवळच वीज मिळाल्याने फिडरच्या टोकाला व्होल्टेज सुधारते. मोटारी जळण्याचे प्रमाण कमी होण्याचे हे साधे कारण आहे. मोटार रिवाइंड करायला किती पैसे जातात आणि ऐन पाण्याच्या दिवसांत किती दिवस मोडतात, हे शेतकऱ्याला विचारा.

इथे एक तक्रार येते, ती मी मनापासून ऐकतो: ‘गावात एवढा मोठा प्लांट आहे, समोर ऊन तळपतेय, तरी लाईट कशी जाते?’ तक्रार खरी आहे, आणि तिचे उत्तर कोणी नीट देत नाही म्हणून संशय वाढतो. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रीडच्या तालावर चालतो. वाहिनीत वीज नसली की तो आपोआप बंद पडतो, आणि तो तसा पडावा अशीच त्याची रचना असते. समजा, फांदी पडून तार तुटली. वायरमन उपकेंद्रातून लाईन बंद करून खांबावर चढला. त्या क्षणी प्रकल्पाने वीज सोडणे चालूच ठेवले तर तो माणूस जागेवर मरेल. म्हणून लाईन पडली की प्रकल्पही थांबतो. याचा अर्थ प्रकल्प निकामी आहे असा होत नाही. याचा अर्थ उपकेंद्र आणि वाहिन्यांची दुरुस्ती सौर प्रकल्पाइतकीच महत्त्वाची आहे असा होतो. वाकलेले खांब, लोंबणाऱ्या तारा, तेल गळणारे रोहित्र आणि वायरमनच्या रिकाम्या जागा तशाच ठेवून नवेकोरे पॅनेल बसवले तर दिवसाची वीज कागदावरच राहील. टीकाकारांनी आपला सगळा जोर इथे लावावा. तो योग्य ठिकाणी लागेल.

पैशाचे पाहू. या योजनेतली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास, 25 वर्षांच्या कराराने मिळते. कोळशाची वीज अशी बांधून मिळत नाही. कोळसा महागला, रेल्वेचे भाडे वाढले की दर वाढतो. ‘शेतकऱ्याला वीज आता फुकटच आहे, मग ती तीन रुपयांची असो की आठची, त्याला काय?’ असेही विचारले जाते. 2024 मध्ये सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल माफ केले. तेव्हा दिलेल्या हिशेबाप्रमाणे 44 लाखांवर शेतकऱ्यांना त्याचा लाभ होणार होता आणि वर्षाला 14,760 कोटी रुपये लागणार होते. इतका पैसा दर वर्षी तिजोरीतून आणि इचलकरंजीच्या यंत्रमागापासून चाकणच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांच्या बिलातून काढावा लागतो. ज्या सवलतीसाठी दर अर्थसंकल्पात हात पसरावा लागतो, ती सवलत एका फटक्यात जाऊ शकते. वीजच स्वस्त पडली तर सवलतीचा भार निम्म्यावर येऊ शकतो आणि ती टिकू शकते. शेतकऱ्याचे हित याच्यात आहे. कंपनीला नफा होतो हे खरे. तो औष्णिक वीज विकणाऱ्या खासगी कंपनीलाही होतो. तिच्याविरुद्ध गावोगाव ठराव होताना दिसत नाहीत.

जमिनीचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि त्याला वरवरचे उत्तर चालणार नाही. आधी आकार लक्षात घेऊ. एका मेगावॉटला चार ते पाच एकर लागतात. पाच धरले तर 16 हजार मेगावॉटना सुमारे 32 हजार हेक्टर. राज्याचे भौगोलिक क्षेत्र 3 कोटी 7 लाख हेक्टर आहे, म्हणजे हजारातला एक भाग. ‘शेतजमीन संपेल’ ही भीती खोटी आहे. खासगी जमीन विकत घेतली जात नाही, भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. मुरमाड, कोरडवाहू, दोन वर्षांत एकदा पीक देणाऱ्या जमिनीला हे भाडे वाईट नाही. विरोधक कर्नाटकातल्या पावगड्याचे उदाहरण देतात. तिथे तुमकूर जिल्ह्यातल्या पाच गावांची मिळून 13 हजार एकर जमीन एकाच सलग 2,050 मेगावॉटच्या सौर उद्यानाखाली गेली. जमीनमालकांना एकरी 21 हजारांचे वार्षिक भाडे मिळाले, पण ज्यांची जमीनच नव्हती त्या मजुरांचे शेतातले काम गेले. ही वेदना खरी आहे. पण ते चित्र पंधरा-वीस एकरांच्या प्रकल्पावर जसेच्या तसे चिकटवणे हा अन्याय आहे. उलट लहान, विखुरलेले, गावोगावचे प्रकल्प हेच पावगड्याच्या चुकीवरचे उत्तर आहे. आणि जमिनीचा हिशेब करायचाच तर वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणींखाली गेलेली शेते, राखेचे तलाव आणि तिथल्या माणसांच्या फुप्फुसांत गेलेला धूर यांचाही करा. पुण्या-मुंबईत बसून सौर पॅनेलखालच्या वीस एकरांसाठी हळहळणाऱ्यांना चंद्रपूर दिसत नाही, हे मला सहन होत नाही.

गायरानाबाबत मी विरोधकांच्या बाजूने उभा आहे. खासगी जमिनीच्या वाटाघाटी नकोत म्हणून अधिकाऱ्यांची नजर आधी गायरानावर जाते. कागदावर पड दिसणारा माळ प्रत्यक्षात रिकामा नसतो. धनगरांची मेंढरे तिथे चरतात, भूमिहीन बाईची दोन शेरडे तिथेच जगतात, लांडगे, काळवीट आणि माळावरचे पक्षी तिथेच राहतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकाचे काय झाले ते आपण पाहिले आहे. गावची सामायिक जमीन गावाच्या उपयोगासाठीच राहावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात बजावले आहे. सौर वीज हा सार्वजनिक उपयोग आहे, हे मला मान्य आहे. पण चराईचे क्षेत्र किती उरते, वाट कुठून जाते, मेंढपाळांना विचारले का, ग्रामसभेत खरोखर चर्चा झाली की सह्या नंतर गोळा केल्या, याची उत्तरे मिळाल्याशिवाय कुदळ मारू नये. जिथे ती मिळत नाहीत तिथे विरोध योग्यच आहे. तो प्रकल्पाच्या जागेला असावा, सौर विजेला नव्हे.

शेवटचा आक्षेप पाण्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर. दिवसा फुकट वीज मिळाली की उपसा वाढेल, बोअर आटतील. हा धोका आहे. पण सध्याच्या रात्रपाळीने पाणी वाचते हा समज चुकीचा आहे. थंडीत रात्री कोण जागणार म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लावला जातो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि पहाटेपर्यंत पाणी सरी ओलांडून ओढ्याला जाते. दिवसा माणूस शेतात असतो, त्याला पाणी दिसते, तो मोटार बंद करतो. शिवाय फिडरवरची वीज ठरलेल्या तासांची असते. स्वतंत्र सौरपंपाला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कोणतीच मर्यादा नसते. म्हणजे पाण्याच्या काळजीने बोलायचे तर विरोधकांचा आवडता पर्यायच जास्त उपसा करणारा आहे.

याहून पुढची वाट गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाने 2016 मध्ये दाखवली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने तिथल्या मोजक्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली, पंप ग्रीडला जोडले आणि उरलेली वीज वीज कंपनीला युनिटला 4 रुपये 63 पैसे दराने विकण्याचा 25 वर्षांचा करार केला. पाणी उपसले नाही तर वीज विकली जाते आणि पैसे मिळतात, म्हणून पाणी जपून वापरण्यात शेतकऱ्याचाच फायदा. ग्रीडच्या जोडणीशिवाय हे शक्य नव्हते. साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या महाराष्ट्राला फिडरवरच्या शेतकऱ्यांची सौर सहकारी संस्था काढणे अवघड नाही. कंपन्यांचा नफा ज्यांना खुपतो त्यांनी ही मागणी घेऊन उभे राहावे, मी त्यांच्या सोबत असेन.

सरकारलाही जाब विचारायलाच हवा. 2025 पर्यंत तीस टक्के कृषी फिडर सौर करण्याची घोषणा होती. घोषणांच्या कार्यक्रमात मेगावॉटचे आकडे सांगितले जातात, पण शेतकऱ्याला मेगावॉटशी देणेघेणे नाही. त्याच्या फिडरवर या आठवड्यात दिवसा किती तास, पूर्ण व्होल्टेजने, न खंडता वीज आली, एवढेच त्याला कळायला हवे. ही नोंद उपकेंद्रात रोज होते. ती लोकांसमोर ठेवायला एक फळा आणि खडू पुरे.

म्हणून वाचकांना, विशेषतः गावाकडे जमीन असलेल्यांना, एक विनंती आहे. तुमची विहीर कोणत्या फिडरवर आहे ते आधी विचारून घ्या. तो सौर झाला आहे का, नसेल तर प्रकल्प कुठे अडला आहे, जमिनीवर की वाहिनीवर की नुसता कागदावर, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. गायरान जात असेल तर पर्यायी जागा सुचवा. प्रकल्पच नको, असा ठराव मात्र करू नका. त्या ठरावाने दिवसाची वीज लांबणीवर पडते, आणि तोवर दारे धरायला रात्रीच जावे लागते.